बीडमधल्या शोरूमचे नूतनीकरण

चि. भाच्यास,

मोटारींच्या शोरूमचे नूतनीकरण म्हणजे चालत्या दुकानात काढलेले बांधकाम. पुढे भिंत पडत असते आणि मागे सर्व्हिसिंगला आलेल्या गाड्या संध्याकाळी धुऊन परत द्यायच्याच असतात. त्यामुळे नकाशाच्या आधी पंचांग उघडावे लागते.

बीड जिल्ह्यात गाड्यांची विक्री साडेतीन मुहूर्तांवर आणि शेतीच्या पैशावर चालते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा हे ठरलेले दिवस. त्यात धनत्रयोदशीची भर. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन बाजारात येते, पाठोपाठ कापूस येतो आणि त्याच सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर येतो. ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडण्याआधी ट्रॅक्टर, जीप, टेम्पो दुरुस्त करून घ्यायचे असतात, म्हणून वर्कशॉपलाही तेव्हाच गर्दी. उलट पितृपक्षात गाडीची किल्ली कोणी हातात घेत नाही आणि अधिक महिन्यातही बरीच घरे खरेदी पुढे ढकलतात. 2026 चे उदाहरण घेतले तर अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आणि दसरा 20 ऑक्टोबरला. अशा वर्षी अक्षय्य तृतीया आटोपताच उघड्यावरची कामे काढावीत: छप्पर, अंगण, गटार, पाण्याची टाकी. मृगाचा पाऊस पडायच्या आत ती संपली पाहिजेत. आतली फरशी, वायरिंग, रंग, फर्निचर ही कामे पावसाळ्यात होतात. पितृपक्ष सामान हलवायला आणि राहिलेले किरकोळ उरकायला ठेवावा. घटस्थापनेला मिस्त्री जागेवर दिसता कामा नये.

तरीही सगळे दुकान एकाच वेळी उखडू नये. सरकारी निर्णयाला मुहूर्त विचारता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 रोजी छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, वरचा उपकर गेला आणि ट्रॅक्टरवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. गिऱ्हाईक असे अचानक दाराशी येते, तेव्हा निदान अर्धा हॉल, कर्जाच्या कागदांचे टेबल आणि गाडी बाहेर काढण्याचा रस्ता मोकळा हवा. कामाचे टप्पे त्या हिशेबाने पाडावेत. वर्कशॉप तर एक दिवसही पूर्ण बंद ठेवू नये. नवी गाडी गिऱ्हाईक कित्येक वर्षांनी घेते, सर्व्हिसिंगला मात्र वर्षातून दोनदा येते; एकदा दुसरीकडे गेले की सहसा तिकडेच रुळते.

नूतनीकरणाचा आग्रह बहुधा कंपनीचा असतो. मारुतीने 2015 मध्ये नेक्सा आणि 2017 मध्ये अरेना अशी नवी दालने आणली आणि देशभरच्या विक्रेत्यांना जुन्या शोरूमचा चेहरा बदलावा लागला. इतर कंपन्यांचेही असेच ठरलेले नकाशे असतात: पुढे उंच काच, वर ठरावीक रंगाची पट्टी, खाली चकचकीत पांढरी फरशी. पुण्या-मुंबईत हे शोभते. बीडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि पश्चिमेला तोंड असलेली काच दुपारभर हॉल तापवते. विजेचे बिल दर महिन्याला त्याची आठवण करून देते. खोल छज्जा, काचेमागे जाळीचे पडदे, पत्र्याखाली उष्णतारोधक थर ही मागणी कंपनीपुढे सुरुवातीलाच ठेवावी. फरशीचेही तेच. शेतातून थेट आलेला माणूस आरशासारख्या फरशीच्या उंबऱ्याशी चपला काढून थबकतो. ज्या दुकानात शिरताना संकोच वाटतो तिथे तो भाव विचारत नाही. खरखरीत, मातकट रंगाची फरशी दिसायला साधी, पण ती पायही घसरू देत नाही आणि चिखलही लपवते.

इथले गिऱ्हाईक एकटे येत नाही. आई-वडील, भाऊ, मेहुणा, गावातला एखादा जाणकार, कडेवर पोर असा सात-आठ जणांचा मेळा असतो. दोन खुर्च्यांच्या नाजूक टेबलापेक्षा लांब बाके, थंड पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह यांवर केलेला खर्च लवकर वसूल होतो. दारातला उतार एकास बारा ठेवला की म्हातारी माणसे आणि चाकांची खुर्ची दोन्ही आत येतात. डिलिव्हरीची जागा वेगळी आणि छपराखाली असावी. तिथे हळदकुंकू सांडणार, चाकाखाली लिंबू जाणार, नारळ फुटणार हे धरून फरशीला ढाळ आणि कडेला नाली द्यावी, नारळासाठी एक दगडही बसवावा. कंपनीच्या नकाशात हा दगड कधीच नसतो.

जमिनीखालची बाजू सर्वांत महाग पडते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर थेट कोबा टाकला तर लिफ्टखालची जमीन दोन पावसाळ्यांत तडकते. माती उपसून मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवावा आणि मगच काँक्रीट करावे. बीड शहरात जागा बिंदुसरा नदीच्या बाजूला असेल तर 1989 चा पूर ध्यानात ठेवून विजेचे पॅनल आणि स्पेअर पार्टचे कोठार उंचावर घ्यावे.

पाण्याचा प्रश्न याच्या उलट टोकाचा. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाच हजार चौरस फुटांच्या छपरावरून त्यातले दोन ते अडीच लाख लिटर पाणी टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला नेता येते. गाड्या धुतलेले पाणी तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून गाळून पुन्हा वापरावे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने गाड्या धुणे खिशाला तर झोंबतेच, पण शेजारी हंडे घेऊन उभ्या असलेल्या वस्तीसमोर शोभतही नाही.

पैशाच्या हिशेबात एक गोष्ट बरेच जण विसरतात. इमारतीच्या बांधकामावर आणि भांडवली खर्चात धरलेल्या नूतनीकरणावर भरलेल्या जीएसटीची वजावट कलम 17(5) नुसार मिळत नाही. लिफ्ट, कॉम्प्रेसर यांसारख्या यंत्रांवरची मिळते. दोन्हींची बिले पहिल्यापासून वेगळी घ्यावीत. अंदाजपत्रकात हा न परतणारा कर धरलेला नसेल तर ते अंदाजपत्रक खोटे.

कागदपत्रे थोडक्यात अशी. बांधकामातल्या बदलाला नगर परिषदेची परवानगी. महामार्गावरून आत यायच्या रस्त्याला महामार्ग खात्याची. जळके तेल घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ते आणि जुन्या बॅटऱ्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायच्या. अग्निसुरक्षा यंत्रणेचा दाखला जानेवारी आणि जुलैत. दुकान तात्पुरते हलवायचे असेल तर ट्रेड सर्टिफिकेटची बाब बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात, जिथली हद्द असेल तिथे, आधीच निस्तरावी.

छज्जा, फरशी, डिलिव्हरीची जागा यांत मागितलेली सूट कंपनीचा माणूस भेटीत तोंडी कबूल करतो आणि पुढे त्याची बदली होते. म्हणून प्रत्येक बदलावर कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी आणि ती हाती येईपर्यंत ठेकेदाराला जुन्या भिंतीवर पहिला घाव घालू देऊ नये.

तुझा मामा