पाटीलकी, पान आणि पायरी

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही इंग्लिशचे इडियम्स धडाधड पाठ केले. मराठी वाक्प्रचारांची ओळख मात्र हॉस्टेलवर आल्यावर झाली! माणसाची समाजातली जागा सांगणारे हे तीन बघा.

१) पाटीलकी गाजवणे : उगाच हुकूम सोडणे. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटलाचं पद रद्द झालं. आज गावात पोलीस पाटील असतो, पण तो सरकारी नेमणुकीने. वतन गेलं, शब्द मात्र राहिला. उदा. गॅदरिंग आलं की सीनियर्स पाटीलकी गाजवतात.

२) मानाचं पान : पंगतीत प्रतिष्ठित माणसासाठी राखलेली जागा. त्यावरून, कुठेही मिळणारा पहिला मान. उदा. प्रोजेक्ट सगळ्यांनी केला, मानाचं पान लीडरला.

३) पायरी ओळखून राहणे : आपला दर्जा ओळखून वागणे. पण हे कोण कोणाला सांगतं, ते बघा. नेहमी वरचा खालच्याला! मुलगी म्हणून मीसुद्धा हे ऐकलंय.

आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जायची मनाई होती. आंदोलन झालं, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा त्यांना खुला झाला. त्या बायका पायरी 'ओळखून' राहिल्या असत्या तर?

म्हणून पहिले दोन वाक्प्रचार बिनधास्त वापरा. तिसरा पाठ जरूर करा, पण कोणाला ऐकवू नका!