शिक्षकाचा कंठ आणि शाळेची व्यवस्था

सन १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने एक निवेदन सिद्ध केले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, या त्यातील प्रमुख मागण्या होत. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. या इतिहासातून घेण्याजोगा बोध असा की, काम करणाराची प्रकृती केवळ त्याच्या स्वतःच्या काळजीने राखली जात नाही. कामाची व्यवस्थाच तशी असावी लागते. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पिण्याचे पाणी, शौचालये आणि मोठ्या कारखान्यांत विसाव्याची खोली यांचा भार मालकावर टाकला, तो याच तत्त्वावर.

छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा, वाळूज किंवा शेंद्रा येथील कारखान्यात यंत्राला वेळच्या वेळी तेल दिले जाते, ते तापले तर थांबविले जाते. शाळेत यंत्र नाही. तेथील मुख्य साधन म्हणजे शिक्षकाचा कंठ. मात्र हे साधन बिघडेपर्यंत त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत पाठात या साधनाचे कार्य, त्याची हानी आणि ती टाळण्यासाठी शाळेने करावयाची व्यवस्था यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. कंठाचे कार्य

स्वरयंत्रात स्नायूंच्या दोन नाजूक घड्या असतात. त्यांस स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने त्या थरथरतात, एकमेकींवर आदळतात आणि त्यातून स्वर निघतो. साध्या बोलण्यात पुरुषांचे स्वरतंतू सेकंदास सुमारे १०० ते १३० वेळा, तर स्त्रियांचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. म्हणजे शिक्षिकेच्या बाबतीत एका मिनिटाच्या अखंड स्वरात हे आघात १२,००० होतात. संपूर्ण शालेय दिवसात प्रत्यक्ष स्वर निघण्याचा काळ एक तास जरी धरला, तरी ही संख्या सात लाखांच्या पुढे जाते. आवाज चढविला की आघातांची तीव्रताही वाढते.

२. हानी कशी होते

कुदळ वापरणाऱ्याच्या तळहातास जसे घट्टे पडतात, तद्वतच सततच्या आघाताने स्वरतंतूंवर लहान गाठी उद्भवतात. आवाज घोगरा होतो, वरचे स्वर निघत नाहीत, सायंकाळी घसा दुखू लागतो. शिक्षक मग अधिक जोर लावून बोलतो आणि त्यायोगे हानी वाढत जाते.

भोवती गलका असला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हा सर्वांचा अनुभव आहे. एका खोलीत दोन इयत्ता बसतात, शेजारच्या वर्गात पाढ्यांचे सामुदायिक पठण चालू असते, पत्र्यावर पावसाच्या सरी कोसळत असतात. अशा वेळी शिक्षकाने आवाज चढविला हा त्याचा दोष नव्हे, ती परिस्थितीची ओढ होय. ‘ज्याचा आवाज गावभर ऐकू येतो, तोच खरा मास्तर’ ही समजूत मात्र टाकून द्यावयास हवी. वारंवार घसा खाकरणे आणि जोर लावून कुजबुजणे हेही स्वरतंतूंस अपायकारकच आहे.

३. शाळेने करावयाची व्यवस्था

(अ) वेळापत्रक. दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे व तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असते. समजा, पहिल्या तासास दोन्ही खोल्यांत मोठ्याने वाचन ठेवले, तर दोघांनाही एकमेकांच्या आवाजावर मात करावी लागेल. त्याऐवजी एकीकडे बडबडगीते, तर दुसरीकडे लेखन किंवा चित्रकला, अशी जोडणी मुख्याध्यापकांनी करावी. कोणत्याही शिक्षकाकडे सलग दोन तास कथन, पठण किंवा गायन येऊ देऊ नये. मधला तास स्वाध्यायाचा असला म्हणजे कंठास विसावा मिळतो आणि मुलांस स्वतः काम करण्याची सवयही लागते. यास एक पैसाही लागत नाही.

(आ) गलका व अंतर. मैदानावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून परिपाठात किंवा कवायतीच्या वेळी ओरडून सूचना देऊ नयेत; शिट्टी, टाळी व हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. वर्गात मुलांस अर्धवर्तुळात जवळ बसवावे. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओलसर फडक्याने पुसावा, म्हणजे खडूची पूड घशात जाणार नाही.

(इ) पाणी आणि शौचालय. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. प्यालेले पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही, ते अन्ननलिकेतून जाते. शरीरात पुरेसे पाणी असेल तरच स्वरतंतू ओलसर राहतात. यास्तव घसा कोरडा पडल्यावर घोटभर पाणी पिणे पुरेसे नाही. दिवसभर थोडे थोडे पाणी घेत राहावे लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा तर ही गरज अधिकच वाढते.

परंतु अनेक शिक्षिका शाळेच्या वेळेत जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. कारण शाळेतील शौचालयास दार नसते, पाणी नसते किंवा त्यास कुलूप असून किल्ली मागणे संकोचाचे वाटते. याचा परिणाम मूत्रमार्गाच्या विकारांत तर होतोच, शिवाय कंठावरही होतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि सुरक्षित पिण्याचे पाणी आवश्यक मानले आहे. त्यात शिक्षकांच्या शौचालयाचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून ही उणीव भरून काढण्याचे काम मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांच्याकडे येते. कडी, पाण्याची बादली आणि शिक्षिकांच्या हाती राहणारी किल्ली एवढ्या तीन गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो. एखाद्या शिक्षिकेने हा विषय बैठकीत स्वतः मांडावा अशी वाट पाहू नये. मुख्याध्यापकांनीच तो कार्यसूचीवर घ्यावा.

४. वैद्यकीय सल्ला व रजा

सर्दी-पडशाने बसलेला आवाज बहुधा थोड्याच दिवसांत सुटतो. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. गिळताना त्रास, श्वासास अडथळा, मानेत गाठ किंवा थुंकीतून रक्त ही लक्षणे असल्यास तीन आठवडेही थांबू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘घाटी’ या नावाने परिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही तपासणी होऊ शकते. तंबाखू सेवन करणारांनी तर दिरंगाई मुळीच करू नये. स्वरतंतूंवरील गाठी पुष्कळदा विश्रांतीने व आवाजाच्या योग्य व्यायामाने शस्त्रक्रियेवाचून ओसरतात. पण त्यासाठी त्या वेळीच ध्यानात याव्या लागतात.

डॉक्टरांनी मौनाचा सल्ला दिला असता ‘नुसता घसाच तर बसला आहे’ असे म्हणून शिक्षकास वर्गावर पाठविणे योग्य नव्हे. त्याने रजा घ्यावी. रजा शक्यच नसेल तर काही दिवस त्याच्याकडे लेखनकाम सोपवून सहकाऱ्याने कथनाचे तास घ्यावेत. मनावरील ताणानेही कंठाचे स्नायू आवळले जातात. झोप न लागणे, सतत चिडचिड होणे, शाळेत जाण्याची धास्ती वाटणे अशा अवस्थेत ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली.

पहिलीचे मूल अक्षर ओळखण्यापूर्वी शिक्षकाचा आवाज ओळखते. त्या आवाजात जर दुखणे असेल, तर मुलास तो राग वाटतो. यास्तव शिक्षकाच्या कंठाची जपणूक हीदेखील अध्यापनाचीच बाब समजावी.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात शेजारच्या दोन वर्गांत एकाच वेळी पठण येते काय? ते कसे बदलता येईल?
२. शाळेत कोणत्या सूचना आवाजाऐवजी खुणेने देता येतील? पाच खुणा ठरवा.
३. आपल्या शाळेतील शौचालयाची किल्ली कोणाकडे असते? ती कोणाकडे असावी?
४. गेल्या वर्षभरात कोणा सहकाऱ्याचा आवाज वारंवार बसला काय? त्या वेळी शाळेने काय केले?