आधी पंचांग उघड

गो बाय, विमानतळांच्या गर्दीचे अंदाज बांधायची नोकरी तुला लागली आणि पहिलंच काम आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं आलं, म्हणून हे लिहितोय. आकडेमोड तुला माझ्याहून चांगली येते. मी सांगतो ते आकड्यांच्या आधीचं.

किती माणसं उडाली हा आकडा हातात आला की त्याला लगेच मागणी म्हणू नकोस. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं उद्घाटन झालं आणि मुंबईचं ७० आसनांचं एटीआर विमान येऊ-जाऊ लागलं. रोजची एक फेरी धर. एकही दिवस न चुकता, एकही खुर्ची रिकामी न ठेवता ते उडालं असतं, तरी दोन्ही बाजू मिळून वर्षाला ५१,१०० च्या वर प्रवासी झाले नसते. म्हणजे तुझ्या तक्त्यात दिसतं ते विमानाचं माप. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात उडान योजनेतली तीन वर्षांची मुदत संपली, तूट भरून देणारं अनुदान थांबलं आणि मुंबईचं विमानही थांबलं. त्या रकान्यात शून्य आलं. मग काय, मालवणच्या माणसाने मुंबईला जायचं सोडलं?

तेव्हा खरी मागणी रेल्वेकडे शोध. कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीची वेटिंग लिस्ट बघ. स्लीपरची नको, एसीची. ज्याला टू टियरचं तिकीट मिळालं नाही आणि जो चिडून खाजगी गाडी करून निघाला, तो तुझा प्रवासी. मात्र २७ जून २०२३ पासून वंदे भारत कणकवलीला थांबते हेही त्याच कागदावर लिही. दिवसाउजेडी घरी पोचवणारी गाडी मिळाली की विमानाकडे वळणारे काही जण तिथेच गळतात.

आता पंचांग. ऑगस्टची तुलना मागच्या ऑगस्टशी करायची सवय साऱ्या कचेऱ्यांना असते, आणि कोकणात ती फसवते. २०२३ ला गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. म्हणजे २०२५ च्या ऑगस्टात चाकरमान्यांचा लोंढा आला तो वाढीमुळे की तिथीमुळे? २०२६ ला अधिक मास आहे, चतुर्थी परत १४ सप्टेंबरला जाते. तेव्हा तोच ऑगस्ट पडलेला दिसेल आणि कुणीतरी वरिष्ठ घाबरून तुला फोन करील. म्हणून कोष्टक चतुर्थीपासून मोज: दहा दिवस आधी, दहा दिवस नंतर. शिमग्याचंही तसंच. आंगणेवाडीची तर तऱ्हाच वेगळी, भराडीदेवीची जत्रा पंचांगातही सापडत नाही. देवीचा कौल झाला की तारीख कळते, आणि त्यानंतर तिकिटं उडतात. त्या दिवसांना वेगळा रकाना दे.

या सणासुदीत आणखी एक गंमत लपलेली असते. चतुर्थीच्या आधी मुंबईहून येणारं विमान खच्चून भरतं आणि जाताना बरंचसं रिकामं जातं. गौरी-गणपती झाले की उलट. सरासरीत ते साठ-पासष्ट टक्के भरलेलं दिसतं. अशी सरासरी बघून कुणी म्हणालं की आणखी विमानाची गरज नाही, तर त्याला दोन्ही दिशांचे आकडे वेगळे करून दाखव.

क्षमतेचं बोलायचं तर वर्षाच्या आकड्याने इमारत कधी तुंबत नाही, तासाच्या आकड्याने तुंबते. चिपीची इमारत गर्दीच्या तासाला २०० येणारे आणि २०० जाणारे एवढ्यांसाठी आहे. धावपट्टी २,५०० मीटरची, म्हणजे १८० आसनांची एअरबस उतरू शकते. एक उतरली तर सगळं सुरळीत. अर्ध्या तासात दुसरी आली की सामानाच्या पट्ट्यापाशी ३६० माणसं, आणि उरलेला दिवस ओसाड. अशा वेळी भिंती सरकवण्याआधी वेळापत्रक सरकवता येतं का ते बघ. तेही आपल्या हातात नसतं, कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच कामाची, आणि तिथली उतरायची वेळ सोन्याच्या भावाची. छोट्या एटीआरला ती कोण देणार? चिपीची क्षमता निम्मी तरी मुंबईत ठरते, हे अहवालात ठळक लिही. आवडणार नाही, तरी लिही.

आणि हो, सर्वात मोठ्या गर्दीसाठी कधीच बांधू नये. इंग्लंडात वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या तासांपैकी तिसावा तास धरायची पद्धत आहे, त्यात मला शहाणपण वाटतं. आंगणेवाडीच्या दीड दिवसाच्या गर्दीसाठी कुणी तिथला रस्ता आठपदरी करत नाही. त्या दिवसांपुरते मंडप घालायचे, जादा माणसं लावायची.

गोव्यातलं मोपा विसरू नकोस. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटतात, आणि बांदा-दोडामार्गच्या माणसाला तेच सोयीचं. नकाशावर जिल्ह्याची हद्द काढून सगळी लोकसंख्या चिपीच्या नावावर टाकणं ही मला सर्वात चीड आणणारी लबाडी. मालवण, वेंगुर्ला, कुडाळ तुझे. सावंतवाडी अर्धीमुर्धी धर. देवगड-कणकवलीवाल्याला विचार की स्टेशन सोडून तो कर्ली नदी ओलांडून येईल का. पर्यटकाचं तर विचारूच नकोस. तारकर्लीला बुड्या मारायला येणारा दिल्लीकर तिकीट स्वस्त असेल तिथे उतरतो, मग पुढे टॅक्सी.

मुंबईच्या टोकालाही हाच हिशेब लाव. चाकरमानी आता लालबाग-परळला किती उरले? डोंबिवली, बदलापूर, पनवेलला गेले. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, ते यांच्या दाराशी. सांताक्रूझहून सुटणारं विमान आणि नवी मुंबईहून सुटणारं विमान यांची मागणी एकाच वक्रात घालू नकोस. दोन वेगळे अंदाज कर. प्रत्येकाचे तीन आकडे दे, कमी, मधला, जास्त, आणि प्रत्येकाखाली तो कशावर टेकलाय ते एका ओळीत: अनुदान पुन्हा मिळत राहिलं तर, पावसाळ्यात सड्यावर ढग उतरले असतानाही विमान उतरवायची सोय झाली तर, रोज ठरल्या वेळी उडालं तर. साहेब मधलाच आकडा उचलून भाषणात वापरतील. त्या ओळी आकड्याच्याच चौकटीत छाप, तळटीपेत टाकू नकोस.