सेव्ह, डिलीट आणि अपोहन (गीता 15.15)



आजचा श्लोक पंधराव्या अध्यायातला पंधरावा. ज्यांच्या घरी जेवणापूर्वी हा अध्याय म्हणतात त्यांना तो पाठच असेल, वीसच तर श्लोक आहेत. भगवंत इथे सांगतात की मी सर्वांच्या हृदयात बसलेलो आहे, आणि स्मृती, ज्ञान, अपोहन ही माझ्यापासूनच होतात. पहिल्या दोन शब्दांशी आपलं काही भांडण नाही. तिसऱ्यापाशी मात्र थांबायला हवं. अपोहन म्हणजे दूर करणं, काढून टाकणं. फोनच्या भाषेत सांगायचं तर सेव्हही तोच करतो आणि डिलीटही तोच.

हे दोन इंग्रजी शब्द आपण दिवसभर वापरतो, पण ते दिसतात तितके सरळ नाहीत. ‘सेव्ह’ लॅटिनमधून आला, मुळात अर्थ सुरक्षित. बुडणाऱ्याला वाचवणं, पैसे वाचवणं, फाइल ठेवून देणं, सगळ्याला हा एकच शब्द. मराठीत ‘वाचवणं’ आणि ‘साठवणं’ वेगळे आहेत ते बरंच आहे. (सेव्ह करून ठेवलेल्या कीर्तनाच्या रील्स आठवा!) ‘डिलीट’ही लॅटिनच, अर्थ पुसून टाकणं, नष्ट करणं. पण कॉम्प्युटर तसं करतच नाही. साध्या हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली की ती कुठे आहे याची नोंद तेवढी जाते आणि जागा मोकळी धरली जाते. मजकूर तिथेच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

मग अपोहन म्हणजे यातलं नक्की काय? आचार्यांचंही एकमत नाही. शंकराचार्य म्हणतात, पुण्यकर्म करणाऱ्यांना त्यानुसार स्मृती आणि ज्ञान मिळतं, पापकर्म करणाऱ्यांच्या बाबतीत त्यांचा लोप होतो. रामानुजाचार्य ज्ञानाची निवृत्ती हा अर्थ देतात, पण एक पर्यायही ठेवतात: अपोहन म्हणजे ऊहन, तर्क करणं. हा पर्याय मला फार आवडतो, कारण तो आपल्या बोलण्यात आहेच. ऊहापोह! ऊह म्हणजे विचार करून एखादी गोष्ट मांडणं, अपोह म्हणजे विचार करूनच न टिकणारी गोष्ट बाजूला करणं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायला लॉ कॉलेज रोडपर्यंत गेलं तरी पुरे. भांडारकर संस्था 1917 ची. तिथे 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं. हजाराहून जास्त हस्तलिखितं ताडून बघितली, मग कोणता श्लोक मूळ संहितेत राहणार आणि कोणता नाही हे ठरवलं. गणपतीने व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहिलं ही आपली लाडकी गोष्ट मूळ संहितेत राहिली नाही. पुण्यात बसून गणपतीला बाजूला ठेवायचं म्हणजे धाडसच! पण ती फेकलेली नाही, परिशिष्टात छापलेली आहे. वगळलेलं सगळं तळटीपांत नाहीतर परिशिष्टांत शाबूत आहे. याला डिलीट म्हणवत नाही. हा अपोह.

इथपर्यंत सोपं होतं. अवघड भाग पुढे आहे.

माझ्या आजोबांनी मला हा अध्याय शिकवला. गेली दोन वर्षं त्यांना विस्मृतीचा आजार आहे. माझं नाव आठवत नाही, “तू कोणाची गं?” असं विचारतात. आमच्या एका परिचितांनी हाच श्लोक ऐकवून आईला सांगितलं की अशी विस्मृती म्हणजे कर्मांचं फळ. आई गप्प बसली. शंकराचार्यांच्या अर्थावर बोलायची माझी पात्रता नाही. पण तो अर्थ ज्याने त्याने स्वतःला लावून बघण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या आजारपणावर चिकटवायला नाही, असं मला स्वच्छ वाटतं.

आणि विसरणाऱ्यांमध्ये एक नाव आहे अर्जुनाचं. अठराव्या अध्यायाच्या शेवटी (18.73) तो सांगतो की मोह गेला, स्मृती परत मिळाली. आपण तिथे पुस्तक मिटतो. महाभारत मात्र पुढे चालू राहतं. आश्वमेधिक पर्वात, युद्ध संपल्यावर, कृष्ण द्वारकेला निघालेला असताना अर्जुन म्हणतो की रणांगणावर तू सांगितलेलं मी विसरलो, पुन्हा ऐकायचंय. साक्षात गीता ऐकलेला माणूस! कृष्ण आधी त्याला मिठी मारतो. मग रागावतोही, की तू ते धरून ठेवलं नाहीस, हे मला आवडलं नाही. तेव्हा योगयुक्त होऊन जे सांगितलं ते तसंच्या तसं आता सांगता येणार नाही, असंही म्हणतो. म्हणजे रिस्टोअर नाही. पण उठून जात नाही. दुसऱ्या शब्दांत, जुन्या कथा घेऊन, पहिल्यापासून सांगायला बसतो. तीच अनुगीता.

हे वाचून पुन्हा पंधराव्या श्लोकाकडे आले, तेव्हा शब्दांचा क्रम लक्षात आला. आधी सर्वांच्या हृदयात बसलेला आहे असं येतं, अपोहन त्याच्या नंतर. आणि ‘सर्वांच्या’ या शब्दाला काही अट नाही, ज्यांना आठवतं त्यांच्याच असं कुठे म्हटलेलं नाही. काय राहील, काय जाईल हे त्याच्याकडे. पण जे जातं त्यात तो स्वतः नाही.

आजोबांच्या ताटापाशी आता अध्याय मी म्हणते. कधी ते मध्येच एखादा चरण उचलतात, सूर लावून, अगदी बरोबर. कधी नुसतेच भाताकडे बघत ऐकतात.

उद्या सोळावा श्लोक, क्षर आणि अक्षर.