डोकं दुखतंय का, खरं सांग

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. रविवारच्या मॅचमध्ये फाउल टिप तुझ्या मास्कवर बसली, त्यानंतर तू पिचरला दोनदा चुकीची खूण दिलीस आणि घरी येऊन न जेवता पडदे ओढून पडून राहिलास म्हणे. ट्रेनरला मात्र सांगितलंस, ‘मी ठीक आहे.’ ओंकार, ठीक असलेल्या माणसाला दिवा सोसत नाही असं होत नाही. डोकं दुखतंय का?

चार सामने बाहेर बसलो तर दुसरा कॅचर जागा पटकावेल आणि ड्राफ्टच्या वेळी स्काउट आपल्याला विसरतील, ही तुझी भीती मला कळते. पण अरे, ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू बॅटची कड घेऊन तोंडावर येतो. मास्क हाडं वाचवतो. आत मेंदूला हिसका बसतो, तिथे मास्क काय करणार? आणि पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. ताई स्वतः डॉक्टर आहे, म्हणूनच तिला झोप नाही.

तुमच्या सेंट पॉलच्या जो मॉवरची तू पारायणं करतोस ना? अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला कॅचर, तेही तीनदा. ऑगस्ट 2013 मध्ये अशीच फाउल टिप त्याच्या मास्कवर बसली. त्याने कॅचरची जागा सोडली, पहिल्या बेसवर उभा राहिला आणि आणखी पाच हंगाम खेळला. 2018 मधल्या शेवटच्या सामन्यात एका चेंडूपुरता पुन्हा पॅड बांधून बसला, आणि 2024 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. माइक मॅथेनी या दुसऱ्या कॅचरचं तर असे मार साठत जाऊन 2006 मध्ये खेळणंच थांबलं. पुढे 2012 पासून तो सेंट लुइस कार्डिनल्सचा मॅनेजर झाला. सगळं मैदान समोर ठेवून बसणारा कॅचर एकटाच. ती नजर जागा सुटली तरी उरते. पण त्यासाठी डोकं शाबूत हवं.

मी विकेटकीपिंग करायचो, हे तू आजीकडून ऐकलंच आहेस. गुडघा गेला आणि मी रागाने मैदानाकडे फिरकलोच नाही. अण्णा म्हणत होते, ‘पोरांना शिकव, खेळ तुझ्यापाशी राहील.’ ते राहून गेलं. त्याची हळहळ अजून आहे, ती तुझ्या वाट्याला येऊ नये.

फार बोललो. रागावू नकोस, आणि मला कळवलं म्हणून आईवर तर मुळीच नाही. लहानपणी सुट्टीत इथे आलास की माझे ग्लव्हज कोपरापर्यंत चढवून अंगणात उकिडवा बसायचास, चेंडू सुटला की न रडता तो आणायला पळायचास. तो पोरगा आम्हाला हवा आहे, मग तो कॅचर असो वा नसो.

उद्या सकाळी ट्रेनरकडे जा, काही न लपवता सांग आणि डॉक्टर म्हणतील तितके दिवस बाहेर बस. नंतर मला फोन कर. इथे मध्यरात्र असली तरी कर.

तुझा,
मामा