'फुल स्टॅक' वेब डेव्हलपर म्हणजे कोण?

दरवर्षी जून महिना उजाडला की आपल्या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचे अर्ज येऊ लागतात. पूर्वी 'पुढे काय होण्याची इच्छा आहे?' या रकान्यात डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक अशी परिचयाची उत्तरे असत. अलीकडे तेथे 'फुल स्टॅक वेब डेव्हलपर' हे शब्द वारंवार दिसतात. मुलाखतीस आलेल्या उमेदवारास अर्थ विचारावा, तर तो दहा-बारा इंग्रजी नावे घडाघडा म्हणून दाखवितो. पालकांस विचारावे, तर "सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी बरीच आहे, पण नोकरी लागते म्हणतात" एवढेच कळते. ज्या शिक्षणासाठी ट्रस्टचा पैसा आणि घरची पुंजी खर्ची पडावयाची, त्याचा अर्थ घरातील वडीलधाऱ्यांसही ठाऊक असावा, या हेतूने सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा पाठ लिहीत आहोत.

नावाचा उलगडा

'स्टॅक' म्हणजे एकावर एक रचलेली चळत. वेबसाइट वरून पाहता एक पान दिसते; पण त्या पानाखाली निरनिराळ्या कामांचे थर असतात. सर्वांत वरचा थर आपल्या डोळ्यांसमोरचा. मोबाइलवर किंवा संगणकावर जे ब्राउझर असते, त्यात तो दिसतो. पानावरील मजकुराची मांडणी एच.टी.एम.एल. करते, रंगरूप सी.एस.एस. देते आणि बटण दाबल्यावर काय व्हावे हे जावास्क्रिप्ट ठरविते. यास 'फ्रंट एंड' म्हणतात. त्याखाली दूरच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम असतो. आलेली माहिती तपासणे, हिशेब करणे, कोणास काय दाखवावे हे ठरविणे ही त्याची कामे. त्याहून खाली डेटाबेस, म्हणजे कायमची दप्तरे. हे दोन्ही मिळून 'बॅक एंड'. आणि या सर्वांस आधार देणारे यंत्र, त्यावरील कार्यप्रणाली व जाळ्याची जोडणी हा तळाचा थर.

हे थर एका माणसाने, एका वेळी, एका योजनेने बांधलेले नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दप्तरातील माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवण्याची कल्पना कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत लिहिला. लिनक्स ही कार्यप्रणाली १९९१ सालची. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत उभा केला. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या हेतूंनी घडविलेल्या या वस्तू आपण एकत्र जोडतो. म्हणून प्रत्येक थर निर्दोष असूनही जोडावर गळती होऊ शकते.

एका अर्जाचा प्रवास

आता एक अर्ज डोळ्यांपुढे आणू. आपल्यापैकी एखाद्या घरातील मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर उघडते. तिने पत्ता अक्षरांत दिलेला असतो. यंत्रास तो अंकांत लागतो. अक्षरी पत्त्यावरून अंकी पत्ता सांगणारी व्यवस्था १९८३ सालापासून आहे, तिला डी.एन.एस. म्हणतात. पत्ता सापडला की ब्राउझर व सर्व्हर यांच्यात संकेतबद्ध जोडणी होते, जेणेकरून वाटेतील तिऱ्हाइतास मजकूर वाचता येऊ नये. मुलगी नाव, गाव, गुण भरते आणि 'पाठवा' हे बटण दाबते.

रकाना रिकामा राहिला असेल तर पानच तिला अडविते. परंतु सर्व्हरवरील प्रोग्रामाने तेवढ्यावर विसंबून चालत नाही. पान हे दुसऱ्याच्या हातातील यंत्रावर असते. त्यावरील तपासणी जाणकारास टाळता येते. म्हणून तीच तपासणी सर्व्हरने पुन्हा करावयाची. मग माहिती डेटाबेसमध्ये जाते. तेथे व्यवहार पुरा व्हावा किंवा मुळीच होऊ नये, असा नियम पाळला जातो. अर्ज नोंदला पण त्याची गुणपत्रिका राहिली, असे अर्धवट काही ठेवावयाचे नाही. शेवटी सर्व्हर उत्तर धाडतो. उत्तरास एक अंक असतो: २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेले पान सापडले नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या बाजूस बिघाड.

हा सर्व प्रवास डोळे मिटण्याच्या आत होतो. आणि हा प्रवास पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत ज्यास समजतो, तोच खरा फुल स्टॅक डेव्हलपर.

दोष कोठे होता?

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या शिष्यवृत्तीचा अर्ज प्रथमच वेबसाइटवर आला, तेव्हाची गोष्ट जुन्या सभासदांस आठवत असेल. काम तिघांनी वाटून केले होते. पान एकाने केले, सर्व्हरवरील प्रोग्राम दुसऱ्याने, डेटाबेस तिसऱ्याने उभारला. तिघांनीही आपापला भाग तपासून पाहिला होता. मुदत संपल्यावर निवड समितीने यादी काढली, तो निम्म्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे! नाव प्रश्नचिन्हे, गाव प्रश्नचिन्हे, 'मदतीची गरज का आहे' या रकान्यातही ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे.

पानवाले म्हणाले, आमच्या पानावर मराठी स्वच्छ दिसते. प्रोग्रामवाले म्हणाले, आम्ही आले तसे पुढे दिले. डेटाबेसवाले म्हणाले, आमच्याकडे आले ते आम्ही ठेवले. आपापल्या परीने तिघेही प्रामाणिक होते.

अखेर आपल्या एका सभासदांची नात, जी या व्यवसायात आहे, सुट्टीत घरी आली असता तिने हे काम पाहिले. तिने कोणासही दोष दिला नाही. अर्जात स्वतःचे नाव मराठीत लिहिले, बटण दाबले आणि त्या नावाचा माग काढीत गेली. ब्राउझरमधून निघताना नाव ठीक होते. सर्व्हरवर पोचले तेव्हा ठीक होते. 'आपला अर्ज मिळाला' या पानावरही ठीक दिसत होते, कारण प्रोग्राम ते आपल्या तात्पुरत्या स्मृतीतून दाखवीत होता. डेटाबेसच्या तक्त्यात पाहिले, तेथे मात्र प्रश्नचिन्हे होती.

कारण असे. युनिकोड या जागतिक वर्णसंचात देवनागरीस १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. ही चिन्हे साठविण्याची यू.टी.एफ.-८ नावाची रीत केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. या रीतीत साध्या इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. 'जोशी' या नावात ज, ओकार, श आणि ईकार अशी चार चिन्हे. म्हणजे बारा बाइट. आपला तक्ता मात्र जुन्या लॅटिन वर्णसंचावर बेतलेला होता. त्या संचात एका अक्षरास एकच बाइट, एकूण जागा २५६, आणि त्यांत देवनागरीस जागाच नाही. जे अक्षर बसेना, त्याच्या जागी डेटाबेसने मुकाट्याने प्रश्नचिन्ह लिहिले. तिघांनीही चाचणी इंग्रजी अक्षरांत घेतली होती, म्हणून कोणास हे कळले नाही.

दुरुस्ती थोड्या ओळींची होती. ती त्याच संध्याकाळी झाली. परंतु गेलेली अक्षरे परत आली नाहीत. राखीव प्रतही निरुपयोगी ठरली, कारण मूळ अक्षरे दप्तरात कधी पोचलीच नव्हती. ज्यांचे दूरध्वनी क्रमांक इंग्रजी अंकांत होते, त्यांना एकेक करून फोन केले. दोन अर्जदारांनी मात्र क्रमांकही मराठी अंकांत लिहिला होता. सभागृहात सूचना लावली. त्यांतील एक जण आला. दुसरा कोण होता, हे आजतागायत कळलेले नाही. आपणच 'अर्ज शक्यतो मराठीतून भरावा' अशी सूचना केली होती. जो सूचनेबरहुकूम वागला, त्याचेच नुकसान झाले, आणि आपला अर्ज पोचला याच समजुतीत तो राहिला असणार. ही रुखरुख आम्हांस अजून आहे.

सर्व काही एकट्याने करावयाचे काय?

येथे कोणी विचारील, मग एकाच माणसाने चारही थर स्वतः बांधावे काय? तसे नव्हे. बडोदेकरांस याचे घरचे उदाहरण आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले. तेथे शिकलेले दादासाहेब फाळके यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक विद्या हस्तगत केल्या. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची कथामांडणी, दिग्दर्शन, फिल्म धुणे, जोडणे ही कामे त्यांनी केली. तरी कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्या हाती होता, आणि फिल्मला छिद्रे पाडण्यासारखे नाजूक काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले होते. फाळके यांचे वैशिष्ट्य सर्व काही एकहाती करण्यात नव्हते. चित्र बिघडले तर ते कोठे बिघडले, कॅमेऱ्यात, धुण्यात की जोडण्यात, हे त्यांना सांगता येत होते, यात ते होते.

फुल स्टॅक या शब्दाचा अर्थ आम्ही असाच समजतो: एका थराचे सखोल ज्ञान, बाकीच्यांची कामापुरती ओळख, आणि जोडांची जबाबदारी. काही ठिकाणी या नावाखाली चार जणांचे काम एकाच्या पगारात उरकण्याचा बेत असतो. तरुणांनी नोकरी पत्करताना हेही पाहून घ्यावे.

काय शिकावे, कोणत्या क्रमाने

प्रथम एच.टी.एम.एल., सी.एस.एस. व जावास्क्रिप्ट यांचा पाया पक्का करावा. नव्या चौकटी दर काही वर्षांनी बदलतात. पाया बदलत नाही. दुसरे, सर्व्हरसाठी पायथन, पी.एच.पी., जावा किंवा जावास्क्रिप्ट यांतील एकच भाषा घ्यावी. चारांची तोंडओळख उपयोगी पडत नाही. तिसरे, एस.क्यू.एल. आणि तक्त्यांची मांडणी. अनेक कोर्स हा भाग दोन दिवसांत गुंडाळतात, आणि घोटाळे बहुधा येथेच होतात. चौथे, लिनक्सच्या आज्ञा, बदलांची नोंद ठेवणारे गिट, आणि राखीव प्रत घेऊन ती खरोखर परत चालविता येते की नाही याची तपासणी. पाचवे, सुरक्षितता. पासवर्ड जसाच्या तसा कधीही साठवावयाचा नसतो. त्याचे उलट न फिरविता येणारे रूप साठवितात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला आहे. लोकांची नावे, पत्ते व उत्पन्न ज्याच्या दप्तरात येतात, त्याच्यावर जोखीम आहे.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देतात. मग हे कष्ट कशाला, असे मुले विचारतात. लिहिणे सोपे झाले हे खरे. परंतु लिहिलेले बरोबर आहे याची हमी कोणीतरी माणसानेच द्यावयाची असते. 'येथे मराठी नाव घालून पाहू या' असे ज्यास सुचते, त्याची गरज कमी झालेली नाही.

पालकांस व समितीस

कोर्सची फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे: शेवटी विद्यार्थी स्वतः एखादे लहानसे काम पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत उभे करून चालवितो काय? समितीनेही उमेदवारास किती भाषा येतात हे न विचारता, 'तू केलेली एक वस्तू दाखव आणि ती कोठे बिघडू शकेल ते सांग' असे म्हणावे. जो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विचार करून देतो, त्यास शिष्यवृत्ती देताना हात आखडू नये.

आपल्या अर्जाची चाचणी आता दरवर्षी मराठी नावाने आणि मराठी अंकांनी होते, आणि ती दप्तरात उघडून पाहिल्याखेरीज अर्ज खुला होत नाही. हा धडा आपल्याला एका अनामिक विद्यार्थ्याच्या नुकसानीतून मिळाला. आपल्या मुलामुलींनी तो कोणाचेही नुकसान न होता शिकावा, एवढीच इच्छा व्यक्त करून हा पाठ पुरा करतो.