बाइकच्या हेडलाइटचा धंदा: बल्ब विकायचा की उजेड?

व्हिडिओत आपण ५० हजारांच्या आत सुरू होणारे सर्व्हिसचे धंदे पाहिले. त्यातल्या हेडलाइटच्या कामाला तिथे दोनच मिनिटं मिळाली, म्हणून त्याचा सविस्तर धडा इथे. मेकॅनिकच असायला हवं असं नाही, पण मल्टिमीटर धरता आला पाहिजे.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. नाशिक शहरात कॉलेज रोडला, गंगापूर रोडला रस्त्यावर दिवे आहेत. तिथला पोरगा हेडलाइट बदलतो तो दिसायला भारी म्हणून. आपलं गिऱ्हाईक वेगळं. सातपूर-अंबडच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून गिरणारे, दिंडोरीकडे घरी जाणारा कामगार. पहाटे दूध घेऊन निघणारा. निफाड तालुक्यात रात्रीची थ्री-फेज लाइट आली की मोटार चालू करायला मळ्यात जाणारा शेतकरी, ज्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. आणि गळीत हंगामात मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते, तो धोका तर सगळ्यांनाच. या माणसांना स्टाइल नको, पुढचं दिसायला हवं.

आता हा माणूस दुकानात येऊन काय म्हणतो? "भाऊ, लाइट कमी पडतो, एलईडी टाका." नव्या धंदेवाल्याची परीक्षा इथेच होते. त्याने मागितलं ते देऊन मोकळं व्हायचं, की आधी गाडी तपासायची?

माझं मत स्पष्ट आहे, आधी तपासा. कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत बल्ब ठीक असतो, त्याच्यापर्यंत करंटच पुरता पोचत नाही. गाडी चालू, लाइट चालू, थोडी रेस देऊन बॅटरीवर व्होल्ट मोजा. मग होल्डरच्या मागे मोजा. समजा बॅटरीवर १३.८ आले आणि होल्डरवर १२.४. दीड व्होल्टही नाही, काय फरक पडतो, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, फार वेगाने पडतो. व्होल्ट दहा टक्के घटले की उजेड साधारण तीस टक्के जातो. म्हणजे या गाडीचा जवळजवळ एक तृतीयांश उजेड वायरमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि घासलेल्या अप्पर-डिप्परच्या स्विचमध्येच संपतो. हे मोजमाप बल्ब पेटलेला असतानाच घ्या. बल्ब काढून मोजलं तर व्होल्ट पूर्ण दिसतात आणि आपण फसतो.

उपाय साधा आहे. अर्थिंगचा नट खोलून पॉलिश पेपर मारा, होल्डरच्या काळ्या पडलेल्या पिना बदला. एवढ्याने भागलं नाही तर रिले किट बसवा. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो.

पण थांबा, हे सगळ्या गाड्यांना चालत नाही. कार्बोरेटरवाल्या अनेक जुन्या शंभर सीसी गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो. ओळखायचं कसं? गाडी न्यूट्रलला ठेवून रेस द्या. रेसबरोबर उजेड वरखाली झाला तर लाइट एसी. अशा गाडीचा हेडलाइट नुसता बॅटरीला जोडून दिला तर ३५ वॅटचा बल्ब जवळपास ३ अँपिअर ओढतो. तिची छोटी बॅटरी तासाभरात बसेल आणि सकाळी गिऱ्हाईक गाडी ढकलत तुमच्याकडे येईल. कॉइल आणि रेक्टिफायरचं काम पक्कं येत नसेल तोवर एसी गाडीला फक्त साफसफाई, त्याच वॅटचा चांगला बल्ब आणि सेटिंग.

बल्बच्या प्रकारात दोन नावं पाठ करा: एचएस१ आणि एच४. एचएस१ म्हणजे ३५/३५ वॅट, शंभर ते दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत हाच असतो. एच४ म्हणजे ६०/५५ वॅट, मोठ्या गाड्यांचा. प्रमाणानुसार १३.२ व्होल्टवर एचएस१ अप्परला ८२५ आणि डिप्परला ५२५ ल्युमेन देतो, एच४ अनुक्रमे १६५० आणि १०००. आकडे बघून मोह होतो की एचएस१च्या जागी एच४ ठोकून द्यावा, किंवा बाजारातला १००/९० वॅटचा. करू नका. १०० वॅटचा बल्ब ३५ वॅटच्या जवळपास तिप्पट करंट घेतो. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचं पॉलिश जळतं, कधी वायरिंगच पेटते. निळसर काचेचा "व्हाइट" हॅलोजनही नको. निळा रंग उजेड अडवतो, आणि इगतपुरीच्या पावसात-धुक्यात तर तो अजूनच कुचकामी. चांगल्या कंपनीचा साधा पारदर्शक बल्ब द्या, काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून काच तिथेच खराब होते.

आता एलईडीचं बोलू. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेवर हिशेब करून बनवलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराची चिप बसली की उजेड विखुरतो. जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, चालवणारा खूश, पण दूरचं दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यात सगळा झगमगाट. तो समोरचा तुमचंच उद्याचं गिऱ्हाईक असू शकतो. कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ साली बदललेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल केला तर गाडीमालकाला दर बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीतूनच एलईडी आलेल्या गाडीचा प्रश्न नाही, तिचं युनिट खोलूच नका.

आता गणित. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले भाव टाकून परत मांडा. तपासणी, साफसफाई आणि सेटिंग मिळून १५० रुपये. दिवसाला आठ गाड्या धरा. तिघांचं नुसतं सेटिंग, ४५०. चौघांचा बल्ब बदलला, त्यात ५० रुपये सुटले, म्हणजे २०० प्रमाणे ८००. एकाला रिले किट, मजुरी आणि नफा मिळून ५००. झाले १७५०. महिन्याचे २४ दिवस धरले तर ४२ हजार. गाळ्याचं भाडं, पेट्रोल, किरकोळ १२ हजार वजा, उरले ३० हजार. पण पहिल्या तीन महिन्यांत आठ गाड्या येणार नाहीत, चार येतील. म्हणजे २१ हजारांतून १२ गेले, हातात ९. घरखर्चाची सोय आधी करून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात शटर खाली.

शेजारचा समजा एलईडी २५०ला घेऊन ६००ला विकतोय. आठ विकले तर दिवसाला २८०० सुटतात. पहिल्या महिन्यात तो तुमच्यापुढे असणार, हे मान्य करूनच उतरा. पावसाळ्यात पाणी शिरून, फॅन बंद पडून त्याचा माल परत यायला लागतो तेव्हा त्याचा नफा बदलून देण्यात जातो. तुमचा माणूस मात्र पुढच्या वर्षी दोन भाऊबंद घेऊन येतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू की हेडलाइट चालू अशी सक्ती आहे. दिवसभर बल्ब जळतो, म्हणजे त्याचं आयुष्य दिवसाही खर्च होतं. मागणी कायम राहणार.

सेटिंगला एक सपाट भिंत पुरते. टायरमध्ये बरोबर हवा, गाडी पाच मीटर लांब, चालवणारा सीटवर बसलेला. डिप्परच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. हे काम गिऱ्हाइकासमोर, अंधार पडल्यावर करा. बघा, फरक दिसला की तो पैशाची घासाघीस करत नाही. म्हणून दुकानाची वेळ दुपारी ४ ते रात्री १० ठेवा, सकाळी ९ नको.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. कामगार थोडे असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण सुरुवातीचा माल थोडाच भरा.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या दहा बाइक घ्या. प्रत्येकीचं वहीत लिहा: लाइट एसी की डीसी, बॅटरीवरचे व्होल्ट, होल्डरवरचे व्होल्ट, काच पिवळी की स्वच्छ, भिंतीवर कड कुठे. काच पिवळी किंवा रिफ्लेक्टर काळा असेल तर कोणताही बल्ब घाला, उपयोग नाही, तिथे हेडलाइटच बदलायला सांगा. दहापैकी पाच गाड्यांत बल्बला हात न लावता उजेड वाढला, तर तुमच्या गावात हा धंदा चालतो. दोनच निघाल्या, तर गाळा भाड्याने घेऊ नका, चालू गॅरेजवाल्याशी बोलून त्याच्याकडे संध्याकाळी तीन तास बसा.